ॲडमिशन, काळजी आणि आमच्या गावचा लायब्निट्स

हॅनोव्हरला आल्यावर लायब्निट्स हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते बिस्किटाच्या पुड्यावर. घर लावायचं होतं, भांडी अजून खोक्यातच होती, पण चहा झालाच पाहिजे म्हणून पातेलं तेवढं शोधून काढलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पुडा आणला. चौकोनी बिस्किट, चारी कडांना दाते. पुढे लेकीनं मोजून सांगितलं की ते दाते बरोब्बर ५२ असतात. मला आपलं वाटलं, लायब्निट्स म्हणजे आपल्या पार्लेसारखी एखादी कंपनी असणार. बऱ्याच दिवसांनी कळलं की बिस्किटं बालसेन नावाच्या इथल्याच कारखानदाराची, आणि त्यानं १८९१ साली आपल्या मालाला गावातल्या सर्वात नावाजलेल्या माणसाचं नाव देऊन टाकलं होतं. आणि तो माणूस म्हणजे तोच, ज्याची ती लांबट एस सारखी इंटिग्रेशनची खूण बारावीला काढून काढून आपली बोटं दुखली होती!

ह्या लायब्निट्सचं चरित्र मंडळाच्या दिवाळी अंकात लिहावं असं मला उगीच वाटलं नाही. त्यामागे एक घरगुती कारण आहे, ते आधी सांगते.

आपण मराठी माणसं चार घरं जमलो की गप्पांचा क्रम ठरलेला असतो. बटाटेवड्यांच्या पहिल्या घाण्याला हवापाणी, दुसऱ्या घाण्याला व्हिसा आणि पासपोर्ट, आणि एकदा का चहा आला की मुलांच्या ॲडमिशन. कुठली युनिव्हर्सिटी चांगली, म्युनिकला मिळेल का, मेडिकलला किती लागतात, की सरळ इंग्लंड-अमेरिकेला पाठवावं? मीही ह्या गप्पांत हिरिरीनं भाग घेणारी. आमच्या वेळी मेरिट लिस्ट पेपरात फोटोसकट छापून यायची आणि आई ते पान आमच्या अभ्यासाच्या टेबलावर आठवडाभर पसरून ठेवायची. ते संस्कार कुठे जातात?

इथे तर हे प्रकरण चौथीतच सुरू होतं. दहा वर्षांचं पोर, त्यानं गिम्नाझियमला जायचं की दुसऱ्या शाळेत हे तेव्हा ठरायचं. आमच्या नीडरझाक्सनमध्ये शाळा नुसता सल्ला देते, निर्णय पालकांचा. पण तो सल्ला ऐकायला बाईंसमोर त्या बुटक्या खुर्चीवर बसले तेव्हा माझे हात गार पडले होते. लेक गिम्नाझियमला गेली, मी पेढे वाटले. मग पुढची नऊ वर्षं डोळ्यासमोर एकच गोष्ट, आबिटूर. भारतातल्या वाचकांसाठी सांगते, ही इथली बारावी समजा. तिचे मार्क आपल्या उलटे. १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे कसाबसा पास. जितका आकडा लहान तितकं मूल मोठं.

लेकीला लहानपणापासून वटवाघळांचं वेड. हसू नका. इथे आयलेनरीडं नावाचं गावाच्या मधोमध जंगल आहे, तिथे संध्याकाळी काही हौशी मंडळी एक यंत्र घेऊन फिरतात, त्यातून वटवाघळांचा आवाज आपल्याला ऐकू येईल असा होऊन येतो. ही त्यांच्याबरोबर जायची. वहीत तारीख, वेळ, जात, सगळं लिहून ठेवायची. अकरावीला मी ते बंद करवलं. मेडिकलला जायचं तर प्रत्येक पॉइंट महत्त्वाचा, वटवाघळं कुठे पळून जात नाहीत, असं माझं म्हणणं. त्या वह्या मीच खोक्यात भरून तळघरात नेऊन ठेवल्या. तिनं हूं की चूं केलं नाही.

तिला १.५ मिळाले. कुठल्याही घरात आनंदानं नाचावं असा आकडा. पण तेवढ्यावर मेडिकलला जागा मिळाली नाही. त्या पत्रात एकही वाईट शब्द नव्हता, पण मी ते चार वेळा वाचलं, जणू काही पाचव्यांदा वाचल्यावर त्यातलं नाही हा शब्द निघून जाणार होता. पुण्याहून फोन आला की मी निकाल अजून लागायचाय असं सांगायची. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात कोणीतरी सहज विचारलं, लेक काय करतेय आता? मी म्हटलं, एक वर्ष ब्रेक घेतलाय, फिरायचं म्हणतेय. लेक शेजारीच उभी होती, हातात फराळाची डिश घेऊन. परत येताना ट्राममध्ये तिनं मला शांतपणे विचारलं, की आई, तुला माझी लाज वाटते का?

मला उत्तर देता आलं नाही. आमचा स्टॉप आला आणि आम्ही उतरलो.

त्यानंतरच्या रविवारी घरात बसवेना म्हणून मी एकटीच फिरायला बाहेर पडले. जुन्या गावातून फिरत फिरत नदीपलीकडच्या नॉयश्टाटच्या चर्चमध्ये शिरले. बाहेर थंडी होती म्हणून, दुसरं काही कारण नाही. तिथे लायब्निट्सचं थडगं आहे. एक साधा दगड, त्यावर लॅटिनमध्ये जेमतेम दोन शब्द, अर्थ एवढाच की ही लायब्निट्सची हाडं. बाजूला त्याची माहिती लिहिलेली होती. त्यात ओझरता उल्लेख होता की लायपझिग विद्यापीठानं त्याला डॉक्टरेट दिली नाही, म्हणून तो दुसरीकडे गेला. मी थबकले. ह्याला? ह्यालासुद्धा? मग मी ह्या माणसाच्या मागेच लागले. वाचनालयातून पुस्तकं आणली, लेकीनंही जर्मन वाक्यं समजावून द्यायला मदत केली. जे समजलं ते सांगते.

गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निट्स जन्मला १६४६ साली लायपझिगला. जर्मनीत तेव्हा तीस वर्षांचं युद्ध संपत आलेलं, गावंच्या गावं उजाड झालेली. पण ह्याचं घर विद्येचं. वडील लायपझिग विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक, आई कायद्याच्या प्राध्यापकाची मुलगी. म्हणजे विद्यापीठ घरचंच म्हणायचं. तो सहा वर्षांचा असताना वडील गेले. मागे राहिली आई, आणि वडिलांची पुस्तकांची खोली, कुलूप घातलेली.

पुढची हकिकत लायब्निट्सनं मोठेपणी स्वतःच लिहून ठेवली आहे. सात-आठ वर्षांच्या ह्या मुलाला कुठेतरी एक चित्रांचं लॅटिन पुस्तक सापडलं, रोमच्या इतिहासाचं. लॅटिन धड येत नव्हतं, पण चित्रांखालच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचून, एकमेकींशी ताडून, तो अर्थ लावत गेला आणि बरंचसं लॅटिन आपलं आपण शिकला. शाळामास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांना काही कौतुक वाटलं नाही. ते घरी येऊन सांगून गेले की हे पुस्तक ह्या वयाचं नाही, मुलाला त्याच्या इयत्तेचंच वाचू द्या. नशिबानं त्या वेळी तिथे शेजारचे एक विद्वान सरदार हजर होते. त्यांनी मुलाला चार प्रश्न विचारले, आणि घरच्यांना बजावलं की ह्याला वडिलांची पुस्तकांची खोली उघडून द्या. कुलूप निघालं. मुलगा आत गेला आणि जे हाताला लागेल ते वाचत सुटला, ग्रीक-लॅटिन तत्त्ववेत्ते, इतिहास, धर्मशास्त्र. कोणी क्रम लावून दिला नाही, कोणी परीक्षा घेतली नाही.

मंडळी, हे वाचताना मला आमचं तळघर आठवलं. मास्तर वाईट नव्हते. मास्तर म्हणजे मीच की.

१६६१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो लायपझिग विद्यापीठात दाखल झाला. तेव्हा ह्या वयात जाणं अगदी जगावेगळं नव्हतं, पण लवकर होतंच. मग पहिली पदवी. १६६३ च्या उन्हाळ्यात एक सत्र येना विद्यापीठात, तिथे व्हायगेल नावाच्या गणितज्ञाची व्याख्यानं ऐकली. १६६४ साली तत्त्वज्ञानात मास्टर्स. त्याच वर्षी आई गेली. १६६५ साली कायद्याची पदवी. १६६६ साली त्यानं एक छोटं पुस्तक छापलं. त्यातली कल्पना अशी, की सगळे विचार थोड्या मूळ कल्पनांच्या जोडणीतून बनतात, जशी मुळाक्षरांतून भाषा. आणि मग कायद्याच्या डॉक्टरेटसाठी अर्ज केला. वय वीस. कर्तृत्व समोर आहे, गाव आपलं, विद्यापीठ वडिलांचं. मिळायलाच हवी ना?

नाही मिळाली.

का, तर त्याची एक कारणमीमांसा अशी. लायपझिगच्या कायदा विभागात मानाच्या आणि पगाराच्या जागा ठरावीक होत्या, आणि डॉक्टर झालेल्यांना त्या ज्येष्ठतेच्या क्रमानं मिळायच्या. जो आधी डॉक्टर तो रांगेत पुढे. त्या वर्षी अर्जदार बरेच होते, आणि त्यातल्या वयानं मोठ्या मंडळींचं म्हणणं पडलं की तरुणांनी थांबावं. विभागानंही तसंच ठरवलं. विभागप्रमुखाची बायको ह्याच्यावर खार खाऊन होती अशीही एक गोष्ट सांगतात, पण तशा गोष्टी कुठल्या गावात नसतात! त्याच्या बुद्धीबद्दल कोणाला शंका होती असं काही दिसत नाही. प्रश्न जागांचा होता.

इथे मला थोडं थांबून आजच्याबद्दल सांगू दे, कारण माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. ज्याला आपण नुमेरुस क्लाउझुस म्हणतो, तो एन.सी., त्याबद्दल माझी समजूत अशी होती की विद्यापीठ आधी एक रेघ मारतं, की ह्याच्या वरची मुलं लायक आणि खालची नालायक. प्रत्यक्षात तसं नसतं. जागा किती ते ठरलेलं असतं. अर्ज येतात. लावालाव होते, आणि शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचे मार्क म्हणजे त्या वर्षीचा एन.सी. पुढच्या वर्षी अर्ज कमी आले की आकडा बदलला. मेडिकलचं तर आणखी वेगळं. तिथे २०२० पासून ३० टक्के जागा केवळ आबिटूरच्या मार्कांवर असतात, बाकीच्या जागांना प्रवेशपरीक्षा, रुग्णसेवेतलं प्रशिक्षण वगैरे गोष्टीही धरतात. आणि जर्मनीतल्या कितीतरी विषयांना असा एन.सी. नसतोच. अमुक एक युनिव्हर्सिटी एक्सलन्सवाली आहे म्हणून तिथेच जायचं असं पुष्कळ पालक म्हणतात, पण तो शिक्का प्रामुख्यानं संशोधनासाठी मिळणाऱ्या पैशाचा आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाला तिथे कोण, कसं शिकवणार, हे त्यावरून कळत नाही.

म्हणजे नकाराचं पत्र हे जागांच्या हिशेबाचं पत्र होतं. आम्ही ते मुलीच्या किमतीचं पत्र म्हणून वाचलं. ते लिहिणाऱ्यानं तसं लिहिलेलं नव्हतं.

असो. लायब्निट्सनं काय केलं? त्यानं रांगेत उभं राहायला नकार दिला. १६६६ सालच्या त्या शरद ऋतूत तो लायपझिग सोडून निघाला. काळ डोळ्यासमोर यावा म्हणून सांगते, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले होते. लायब्निट्सचं निसटणं अर्थातच त्या मानानं फार सोपं! तो गेला न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फला. लहान गाव, लहान विद्यापीठ, लायपझिगपुढे त्याचं नाव ते काय! तिथे नोव्हेंबरमध्ये त्यानं आपला प्रबंध मांडला. विषय होता कायद्यातल्या अवघड, निवाडा न होणाऱ्या खटल्यांचा. त्याचं बोलणं ऐकून परीक्षक चकित झाले. पुढच्या वर्षी, १६६७ च्या फेब्रुवारीत, रीतसर पदवी मिळाली. एवढंच नाही, तर आल्टडॉर्फनं ह्या विशीतल्या पोराला प्राध्यापकी देऊ केली. ती त्यानं नाकारली. आणि पुढे आयुष्यात कधीही तो कुठल्याच विद्यापीठात प्राध्यापक झाला नाही.

तिथून तो माइन्झच्या राज्यकर्त्या आर्चबिशपच्या पदरी गेला, कायद्याच्या सुधारणेच्या कामावर. १६७२ साली राजकारणाच्या कामासाठी पॅरिसला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला जर्मनीऐवजी इजिप्तकडे वळवायचं, अशी ती योजना. राजानं त्याला भेटसुद्धा दिली नाही. पण पॅरिसला त्याला हॉयगेन्स भेटला, त्या काळचा फार मोठा शास्त्रज्ञ. आणि तेव्हा लायब्निट्सला कळून चुकलं की आपल्याला गणित येतच नाही! लायपझिगला शिकवलेलं गणित अगदीच प्राथमिक होतं. पुढच्या वर्षी लंडनला गेला, तिथे आपण शोधलं म्हणून जे सांगायला गेला ते आधीच छापून आलेलं आहे असं एकानं तोंडावर दाखवून दिलं. चारचौघांत फजिती झाली. त्यानं बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करणारं यंत्र दाखवायला नेलं होतं, तेही अर्धवट चालत होतं. तरी रॉयल सोसायटीनं त्याला सभासद करून घेतलं, ही त्यांची दृष्टी.

तो परत पॅरिसला आला आणि सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी हॉयगेन्सनं सांगितलेली पुस्तकं घेऊन पहिल्यापासून शिकायला बसला. आणि १६७५ च्या ऑक्टोबरात, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच्या कागदांवर ती लांबट एस सारखी खूण पहिल्यांदा उमटली. कॅल्क्युलस न्यूटननं आधी शोधलं होतं, पण छापलं नव्हतं. लायब्निट्सनं स्वतंत्रपणे शोधलं आणि १६८४ साली आधी छापलं. आज जगभर वापरतात त्या खुणा लायब्निट्सच्या. त्याच दिवसांत त्याला पायची किंमत काढणारी एक सुंदर श्रेणी मिळाली, एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश, अशी न संपणारी. गंमत म्हणजे हीच श्रेणी केरळातल्या माधव नावाच्या गणितज्ञाच्या परंपरेत त्याआधी दोन-अडीचशे वर्षं माहीत होती. म्हणून आता तिला माधव-लायब्निट्स श्रेणी म्हणतात.

एवढं करून पॅरिसला कायमची जागा मिळाली का? तर तीही नाही. तिथल्या अकादमीत पगारी जागा मिळेल म्हणून तो वाट बघत होता, ती मिळाली नाही. पैसे संपत आले. शेवटी हॅनोव्हरच्या ड्यूक योहान फ्रीडरिशची नोकरी पत्करली आणि १६७६ च्या डिसेंबरात तो आमच्या गावात येऊन पोचला. ग्रंथपाल आणि सल्लागार म्हणून. आपल्यातले कितीतरी जण जसे अमेरिकेला जायचं म्हणून निघाले आणि हॅनोव्हरला उतरले, तसाच हा! मनाजोगतं गाव नव्हतं. पण इथे त्यानं चाळीस वर्षं काढली.

ह्या चाळीस वर्षांत त्यानं काय केलं नाही ते विचारा. फक्त शून्य आणि एक वापरून सगळे आकडे लिहायची पद्धत त्यानं मांडली, जिच्यावर आजचे सगळे कॉम्प्युटर चालतात. हार्ट्सच्या डोंगरातल्या चांदीच्या खाणींतलं पाणी पवनचक्क्यांनी उपसायचा घाट घातला, त्यात वर्षानुवर्षं घालवली, आणि तो साफ फसला. हेरेनहाउझेनच्या बागेत, जिथे आपण पाहुण्यांना हटकून नेतो, तिथे तो राणीसारख्या रुबाबाच्या सोफीबरोबर तत्त्वज्ञानाच्या गप्पा मारत फिरायचा. ती त्याची खरी मैत्रीण. बर्लिनला १७०० साली विज्ञान अकादमी निघाली, तिचा तो पहिला अध्यक्ष झाला. आणि पत्रं लिहिली. सुमारे ११०० माणसांशी झालेला पत्रव्यवहार, सुमारे १५,००० पत्रं, इथल्या वॉटरलूश्ट्रासंवरच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. २००७ साली युनेस्कोनं तो ठेवा जगाच्या स्मृतिवारशात नोंदवला. विद्यापीठात खुर्ची नव्हती, तर त्यानं पत्रांतूनच आपलं विद्यापीठ उभं केलं, असं मला वाटतं.

पण त्याची गोष्ट सरळसोट यशाची म्हणून सांगितली तर ते खोटं होईल. मालकांनी त्याला आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला सांगितलं होतं. तो तीस वर्षं लिहीत होता, आणि पुरा झाला नाही. न्यूटनशी वाद विकोपाला गेला आणि लंडनच्या सोसायटीनं १७१२ साली न्यूटनच्या बाजूनं निकाल दिला. १७१४ साली सोफी गेली, बागेतच. त्याच वर्षी तिचा मुलगा इंग्लंडचा राजा झाला, दरबार लंडनला गेला, आणि लायब्निट्सला मात्र इथेच राहून इतिहास पुरा करायचा हुकूम झाला. १४ नोव्हेंबर १७१६ ला तो इथेच वारला. लग्न केलं नव्हतं. अंत्यविधीला दरबारातलं कोणी आलं नाही. त्या चर्चमधल्या दगडावर पुष्कळ वर्षं नावसुद्धा नव्हतं.

आणि ते विद्यापीठांचं काय झालं? त्याला पदवी देणारं आल्टडॉर्फचं विद्यापीठ १८०९ साली बंद पडलं. त्याला थांबायला सांगणाऱ्या लायपझिगनं १८८३ साली त्याचा पुतळा उभारला, तो आज विद्यापीठाच्या आवारात आहे. आणि आमच्या हॅनोव्हरच्या विद्यापीठानं, जे निघालंच मुळी त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८३१ साली, त्यानं २००६ साली त्याचं नाव धारण केलं. आता त्याच नावाच्या विद्यापीठात आपल्या मुलाला प्रवेश मिळेल का म्हणून आपण रात्र रात्र जागतो!

ह्या सगळ्यातून नकार मिळाला तर बरंच होतं, असलं काही मी सांगणार नाही. लायपझिगच्या नकारामुळे लायब्निट्स मोठा झाला असं मला वाटत नाही. तो विद्वानांच्या घरात जन्मला होता, पुढे त्याला सरदार आणि राजे आश्रयदाते मिळाले, आणि ते सगळ्यांना मिळत नाहीत. शिवाय ज्या मुलाला खरंच डॉक्टर व्हायचंय त्याला जागा न मिळणं हे दुःखच आहे, त्यावर गोष्टींची मलमपट्टी करून चालत नाही. मला दिसलं ते एवढंच. लायपझिगचा नकार आला तेव्हा त्या मुलाजवळ काहीतरी आधीपासून होतं, जे नकारानं हिरावलं जाणार नव्हतं. ते त्याला त्या पुस्तकांच्या खोलीत मिळालं होतं. आणि खोलीची किल्ली मोठ्या माणसांच्या हातात होती. आपल्या मुलांना कुठे प्रवेश मिळणार हे आपल्या हातात फारसं नसतं. किल्ली मात्र असते. मी ती घेतली होती आणि कुलूप लावून टाकलं होतं.

डिसेंबरात मी तळघरातून ते खोकं वर आणलं. लेकीनं वह्या उघडल्या, एका वहीला बुरशी आली होती. ती काही बोलली नाही, हीटरजवळ पानं सुटी करून वाळत घातली. दोन दिवस आमच्या घरात वटवाघळांचे तक्ते पसरलेले होते. वाळल्यावर तिनं मला एक पान वाचून दाखवलं, त्यावर तारीख होती तिच्या चौदाव्या वर्षातली.

आता ती एका छोट्या गावातल्या, तुम्ही फारसं नाव ऐकलं नसेल अशा विद्यापीठात जीवशास्त्र शिकते आहे. मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायची की नाही ते तिनं अजून ठरवलेलं नाही, आणि मी विचारत नाही. म्हणजे विचारावंसं वाटतं, पण जीभ चावते. ट्राममधल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं, उशिरा का होईना. म्हटलं, वाटली होती लाज, पण ती तुझी नव्हती, चारचौघांत मी काय सांगू ह्याची होती. ती म्हणाली, माहीत होतं. मुलांना आपलं बरंच काही माहीत असतं.

धाकटा येत्या वर्षी चौथी संपवेल. पुन्हा ती बुटकी खुर्ची येणार, पुन्हा हात गार पडणार. तो सध्या जुनी घड्याळं उघडून बसलेला असतो, सगळ्या टेबलावर स्क्रू. जेवायची पानं मांडायची पंचाईत होते. परवा ओरडायला तोंड उघडलं, आणि मग पानं खाली जमिनीवरच मांडली, पंगतीसारखी.

तर मंडळी, ह्या दिवाळीच्या कार्यक्रमात मला कोणी विचारलं की लेक काय करतेय, तर मी नीट सांगणार आहे, गावाच्या नावासकट. सोबत चहा आणि लायब्निट्सची बिस्किटं असतीलच. सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!